देखणेपण म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे

विसरवाडी हे सुरत–धुळे महामार्गावरचे, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातले गाव. भोवतालच्या पाड्यांवर मावची, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी समाजांची वस्ती. पण इथे काय आणि पुण्या-नाशकात काय, सोयरीक जुळवताना पाहण्याची रीत सारखीच. मुलीचा चेहरा तरतरीत आहे का, मुलगा अंगापिंडाने भरलेला आहे का, रंग, दात, केस, चाल कशी आहे, हे दोन्हीकडची वडीलधारी माणसे नजरेने टिपून घेतात आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकतात: देखणी आहे, म्हणजे प्रकृतीही ठणठणीत असणार. हा निकाल कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून तो कोणी तपासूनही पाहत नाही. बाळ गुटगुटीत दिसते म्हणून त्याला अंगणवाडीत नेण्याची घाई वाटत नाही, सून हसतमुख आणि टवटवीत आहे म्हणून तिचे हिमोग्लोबिन तपासायचे राहते, नवरदेव धडधाकट दिसतो म्हणून त्याच्या रक्ताचा विषयच निघत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की चेहऱ्यावरून कधीकधी आजार ओळखता येतो, पण देखणेपणावरून आरोग्य ओळखता येत नाही. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. त्यांची गल्लत सगळ्यांनाच महागात पडते, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याला जरा जास्तच.

याचा सर्वांत मोठा पुरावा या भागातल्या माणसांच्या रक्तातच आहे. सिकलसेल या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनमधला एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच मिळाले तर ते वाहक होते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. तो ऊस तोडतो, कबड्डी खेळतो, लग्नात रात्रभर नाचतो. पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून आदिवासी भागांत दीर्घकाळ काम केलेले आणि २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेलेले डॉ. सुदाम काटे यांच्या अभ्यासांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचे प्रमाण शेकडा वीस ते पस्तीसपर्यंत आढळले. म्हणजे मांडवातल्या दर चार-पाच माणसांमागे एखादा वाहक असू शकतो, आणि तो कोण हे कितीही निरखून पाहिले तरी कळणार नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता शेकडा पंचवीस असते. रक्तात हे जनुक आहे का, हे सांगते ते बोटातून काढलेले थेंबभर रक्त आणि त्याची सोल्युबिलिटी चाचणी. चेहऱ्याला त्यातले काही ठाऊक नसते.

यावर एक अभ्यासपूर्ण आक्षेप घेतला जातो. सौंदर्याची ओढ निसर्गाने उगाच दिलेली नाही, असे उत्क्रांतीचे अनेक अभ्यासक मानतात. विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झूक यांनी १९८२ मध्ये पक्ष्यांबाबत असा विचार मांडला की झळझळीत पिसारा म्हणजे परोपजीवींवर मात केल्याची जाहिरात. मादी तो पाहून निरोगी नर निवडते. तोच न्याय माणसाला लावला, की नितळ कांती आणि सुडौल चेहरा म्हणजे चांगल्या जनुकांची खूण ठरते. कल्पना आकर्षक आहे, पण सिकलसेलची कसोटी लावून पाहा. हे जनुक टिकले आणि वाढले ते मलेरियामुळे. वाहकांना मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. एखाद्या आजाराने माणसाच्या जनुकांची निवड कशी घडवली, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे अवघड. जोडीदार निवडताना डोळ्यांना जनुके कळत असती, तर ती सर्वांत आधी इथे कळायला हवी होती, कारण दोन वाहकांनी एकत्र येण्याची किंमत पोटच्या पोराच्या मृत्यूने चुकवावी लागत होती. तरीही कैक पिढ्यांत कोणाच्या नजरेला ही खूण सापडली नाही, कारण ती चेहऱ्यावर उमटतच नाही. पक्ष्यांबाबत हा सिद्धांत कितपत खरा आहे याची चर्चा पक्षीशास्त्रज्ञ करोत. माणसाच्या सोयरिकीत त्याच्यावर विसंबता येत नाही.

एक जनुक निसटले म्हणून काय झाले, एकंदर प्रकृती तरी चेहऱ्यावर दिसते ना, असे कोणी म्हणेल. ते थेट तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात जन्मलेल्या मुलामुलींच्या एका गटाची प्रकृती लहानपणापासून उतारवयापर्यंत डॉक्टरांनी नोंदवून ठेवली होती. त्यांच्या सतराव्या वर्षाच्या आसपासचे फोटो मायकेल कॅलिक, लेस्ली झेब्रोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना दाखवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा होता की त्या वयातल्या देखणेपणाचा तेव्हाच्या, मध्यमवयातल्या किंवा उतारवयातल्या आरोग्याशी संबंध दिसला नाही. पाहणाऱ्यांनी मात्र देखण्यांना बिनधास्त निरोगी ठरवले होते. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे देखणेपणाचा प्रभाव गणिताने वजा केल्यावर त्यांचे आरोग्याचे अंदाज सुधारले. याचा अर्थ, चेहऱ्यावर जी थोडीफार खरी माहिती होती तीही सौंदर्याने झाकून टाकली होती. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असणे हे निरोगी वाढीचे लक्षण मानले जाते, त्याचीही तपासणी झाली आहे. ब्रिटनमध्ये ४,७००हून अधिक किशोरवयीन मुलामुलींचे चेहरे लेझर यंत्राने मोजून ते त्यांच्या बालपणीच्या आजारांच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभ्यासात चेहऱ्याची असमानता आणि लहानपणीची आजारपणे यांचा संबंध आढळला नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१४ मध्येच अमेरिकेतल्या सुमारे पंधरा हजार तरुणांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. मुलाखत घेणाऱ्यांनी ज्यांना जास्त आकर्षक म्हटले होते, त्यांनी आपल्या दीर्घकालीन आजारांची निदाने कमी सांगितली होती. संबंध खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे पाहायला हवे. मुलाखत घेणारा नुसता चेहरा पाहत नाही. समोरचा माणूस कसा बसतो, कसा बोलतो, कपडे कसे आहेत, झोप झालेली दिसते का, हे सारे त्याच्या गुणांकनात येते. आजारी आणि खचलेला माणूस स्वतःकडे कमी लक्ष देतो, म्हणून तो कमी आकर्षक वाटतो. इथे आजाराने रूप बिघडवले. रूपाने आरोग्य कळवले नाही. शिवाय हजारोंच्या सरासरीत दिसणारा लहानसा कल समोरच्या एका माणसाबद्दल काहीच ठामपणे सांगत नाही, आणि सोयरीक तर एका माणसाशीच होते.

मग डॉक्टर रुग्णाचा चेहरा पाहतात ते का? कारण ते सौंदर्य पाहत नाहीत, लक्षणे पाहतात. खालची पापणी ओढून आतली लाली पाहणे, डोळ्यांत पिवळेपणा शोधणे, जीभ, नखे आणि तळहात तपासणे, पायावर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघणे, यातली एकही जागा सौंदर्याच्या हिशेबात येत नाही. साध्या माणसालाही आजारी चेहरा थोडाफार ओळखता येतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी काही निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंपासून काढलेला, तात्पुरती कणकण आणणारा अंश टोचला आणि दोनएक तासांनी त्यांचे फोटो काढले. ते पाहून कोण आजारी आहे याचा अंदाज लोकांना बांधता आला, पण नुसत्या नशिबावर हवाला ठेवून जेवढा बरोबर येईल त्याहून थोडाच बरा. ओघळलेल्या पापण्या आणि फिकटलेली कांती यांनी त्यांना वाट दाखवली. थोडक्यात, आज अंगात ताप आहे का, हे चेहरा कधीकधी सांगतो. रक्तात साखर किती, रक्तदाब किती, सिकलसेलचे जनुक आहे का, हे तो सांगत नाही.

आणि लक्षणे पाहणाऱ्या नजरेलाही मर्यादा आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिथे निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी, तिथे ‘नेहमीसारखी दिसते’ या शब्दांना काय अर्थ उरतो? नजर आपले माप आजूबाजूच्या चेहऱ्यांवरूनच ठरवते. सगळे पाडे थकलेले असतील तर थकवा हाच तिथला स्वाभाविक चेहरा होतो. खुज्या मुलांच्या वर्गात खुजे मूल कोणाला खुजे वाटत नाही, तसेच हे. क्षयरोगाचेही तेच. देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत असे दिसले की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण नुसत्या लक्षणांच्या चौकशीत हातून निसटले असते. युरोपात तर एकोणिसाव्या शतकात क्षयाने खंगलेली पांढुरकी कांती, गालांवरची तापाची लाली आणि बारीक कंबर यांनाच नाजूक सौंदर्य मानण्याची हौस होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जंतू दाखवून दिला, तोवर आजारालाच रूप समजून त्याचे कौतुक चालले होते.

लहान मुलांच्या बाबतीत ही फसगत सर्वांत निर्दयी ठरते. नंदुरबार हा राज्यातल्या सर्वाधिक कुपोषणग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. कुपोषित मूल म्हटले की बरगड्या मोजता येतील असे मूल डोळ्यांपुढे येते. पण तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात अंगावर सूज चढते. गाल फुगतात, पाय गोल दिसतात आणि घरातल्यांना बाळाने बाळसे धरल्याचा भास होतो. ते मूल प्रत्यक्षात मृत्यूच्या दारात असते. म्हणूनच अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी आली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तो तांबडा इशारा, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही भरो, मूल तीव्र कुपोषितच धरायचे. चार रुपयांची पट्टीही आजीच्या प्रेमळ नजरेपेक्षा जास्त खरे बोलते. गुटगुटीत बाळाला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी निदान पोटावरून आणि गालावरून निकाल लावणे थांबवावे. वय, वजन, उंची, लसीकरण पाहावे.

आता कोणी म्हणेल, चेहरा राहू दे, बांध्यावरून तरी कळते ना? सडपातळ माणूस निरोगी, स्थूल माणूस रोगी, एवढे तरी खरे असेल. या समजाला पुण्याच्याच एका डॉक्टरांनी सुरुंग लावला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, म्हणजे दोघेही सडपातळात जमा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास करून हेही दाखवले होते की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण चरबी त्या मानाने राखून असतात. कमी पडतात ती स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त असे हे शरीर पुढे मधुमेहाकडे सहज झुकते. म्हणूनच ‘आमच्यात कोणी जाडे नाही, आम्हाला कसली साखर’ हे वाक्य धोक्याचे आहे.

या गल्लतीची दुसरी बाजू म्हणजे जे सुंदर नाही ते रोगट, असा समज. अंगावर कोड उठले की माणसे दूर सरकतात. कोड संसर्गजन्य नाही. त्वचेतला रंग जातो, एवढेच. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन उभी केली आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट केला, तरी लग्नाच्या बाजारात पांढरा डाग आजही आडवा येतोच. सिकलसेलचा वाहक मात्र तिथून बिनचौकशी पार होतो. जो आजार पुढच्या पिढीचा जीव घेऊ शकतो त्याची विचारपूस नाही, आणि जो कोणालाच लागत नाही त्याच्यावरून सोयरीक मोडते. रंगाचेही तसेच. गोरेपणाचा आरोग्याशी संबंध नाही, पण गोरेपणाच्या हव्यासाचा आजाराशी आहे. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, तेव्हा धागा त्या वापरत असलेल्या गोरे करणाऱ्या क्रीमपर्यंत पोहोचला आणि तपासणीत त्यात पाऱ्याचे प्रचंड प्रमाण आढळले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांनी कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, पुरळ उठते. केंद्र सरकारला २०१८ मध्ये अशा मलमांच्या विक्रीवर चिठ्ठीची सक्ती करावी लागली, ती यामुळेच. आरोग्याचा देखावा मिळवण्यासाठी आरोग्यच विकले जाते, हा या समजाचा शेवटचा हिशेब.

देखणेपण मग काय सांगते? बऱ्याच अंशी परिस्थिती सांगते. दुपारच्या उन्हापासून सावली, पोटभर आणि चौरस जेवण, दातांची वेळेवर निगा, गर्भारपणात विश्रांती हे ज्यांना मिळते त्यांची कांती उजळ आणि बांधा सरळ राहतो. इथून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतल्या बायांना यातले किती मिळते? पंचविशीत चाळिशीची दिसणारी बाई आजारीच असेल असे नाही; तिची हाडे आणि फुप्फुसे शहरातल्या तिच्या वयाच्या बाईपेक्षा कणखर असू शकतील. तिच्या चेहऱ्यावर मजुरीची वर्षे लिहिलेली असतात. त्यावरून तिला कमी लेखणे म्हणजे गरिबीलाच रोग म्हणणे. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात चेहऱ्यांवरून माणसांचे वंश आणि वळण ठरवायचा घाट घातला. गुन्हेगारांचे फोटो एकमेकांवर छापून त्यांना नमुनेदार गुन्हेगार पाहायचा होता. निघाला तो सुट्या चेहऱ्यांपेक्षा बरा दिसणारा एक चेहरा. चेहरा वाचण्याच्या या हौसेच्या बरोबरीने वंशशुद्धीचे विचार फोफावले, हा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. लोकांना सुंदर तेच आवडणार, त्यांची आवड तुम्ही बदलणार आहात का? मुळीच नाही. आवड असू द्यावी. ती लपवण्याचे किंवा तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. फक्त तिला डॉक्टरचे काम देऊ नये. देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी व्हावी आणि २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, हे तिचे उद्दिष्ट. ते गाठायचे तर विसरवाडीच्या परिसरात साखरपुड्याआधी मुलगा आणि मुलगी या दोघांचाही सिकलसेल अहवाल हातात असणे ही रीत व्हायला हवी. दोघांचाही म्हटले ते मुद्दाम, कारण तपासणीचे ओझे एकट्या मुलीवर टाकले की तिच्यावर नवा डाग बसतो. अहवालात वाहक निघणे हा दोष नव्हे. एक वाहक आणि सदोष जनुक नसलेला जोडीदार यांच्या पोटी रुग्ण मूल जन्मत नाही, आणि दोन वाहकांनी ठरवूनच लग्न केले तरी गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करून निर्णय घेता येतो. गावातली वडीलधारी माणसे, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांनी हे उघडपणे बोलायला लागावे, ग्रामसभेने ठराव करावा, शाळेतच मुलामुलींची तपासणी व्हावी. चेहऱ्याची पसंती कांदेपोह्यांच्या वेळी होऊ द्या. आरोग्याचा निर्णय प्रयोगशाळेच्या कागदावरून घ्या.